टाकीत काय वळवळतंय? आधी ओळखा, मग हात घाला

माशांच्या टाकीत नको असलेलं काही हलताना दिसलं की लगेच दुकान गाठू नका आणि कपाटातली औषधाची बाटलीही उघडू नका. आधी ते काय आहे ते ओळखा. मी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि घरी गोड्या पाण्याच्या टाक्या ठेवते. त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक बरणी, प्लास्टिकची पिशवी, नाहीतर मोबाईलवरचा धूसर फोटो घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, हे मारायचं कसं?" त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा उत्तर एकच असतं: मारायचं काहीच नाही, खाणं कमी करायचं. उरलेल्या वेळी मात्र खरोखर घाई करावी लागते. हे दोन प्रकार वेगळे करता येणं हीच सगळ्यात उपयोगी गोष्ट, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

बघायचं कसं

दिवसा, दिवे लागलेले असताना टाकी बघून फारसं कळत नाही. यातले बरेच जीव उजेड टाळतात. दिवे बंद करून दोन तास जाऊ द्या आणि मग टॉर्च मारा, तोही समोरून न मारता काचेच्या कडेने तिरका. खडी आणि काच जिथे भेटते ती रेघ, स्पंज फिल्टरची मागची बाजू, झाडांच्या बुंध्याचा भाग आणि पाण्याच्या पातळीजवळची काच, एवढ्या जागा नीट पाहा. काही दिसलं की ते ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घ्या आणि पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात सोडा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर आकार, डोळे, हालचाल सगळं स्पष्ट दिसतं. घरात दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम. नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन काढलेला व्हिडिओ चालतो. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, कारण यातले अर्धे जीव चालीवरूनच ओळखू येतात.

पांढरे किडे: सगळ्यात जास्त घाबरवणारे

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारचा अकरावीतला मुलगा जॅमची बरणी घेऊन आला. "काकू, प्लॅनेरिया झालेत. औषध सांगा, सगळी टाकी भरलीये." बरणीतलं पाणी बशीत ओतलं. केसासारखे बारीक, पांढरट, साधारण सेंटिमीटरभर लांबीचे धागे पाण्यात इंग्रजी एस अक्षरासारखे वळसे घेत तडफडत होते. मी त्याला भिंग दिलं आणि म्हटलं, "डोकं शोध." तो बराच वेळ शोधत राहिला. डोकं सापडेना, कारण वेगळं दिसेल असं डोकं त्यांना नव्हतंच. दोन्ही टोकं सारखीच.

ते होते डेट्रायटस वर्म, म्हणजे गांडुळांचे दूरचे भाऊबंद. खडीत साठलेला गाळ, उरलेलं खाणं, कुजलेली पानं खाऊन ते जगतात. माशांना आणि श्रिंपना, म्हणजे टाकीत पाळतात त्या छोट्या कोळंब्यांना, त्यांचा काहीही त्रास नसतो. चांगल्या चाललेल्या प्रत्येक टाकीत ते थोडेफार असतातच, फक्त खडीत दडलेले असतात. ते मोठ्या संख्येने वर येऊन पोहू लागले की समजायचं, खाली गाळ वाढला आहे आणि बहुतेक खडीतला प्राणवायूही कमी झाला आहे. उपाय साधा आहे. सायफनने, म्हणजे गाळ ओढून घेणाऱ्या नळीने, खडी थोडी थोडी साफ करा, एका दिवशी अर्धीच. खाणं निम्म्यावर आणा, म्हणजे मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच टाका. आठवड्यातला एक दिवस उपास ठेवा. मोठ्या, सुदृढ माशांना त्याने काहीही होत नाही. औषध घालून हे किडे एकदम मारले, तर ते खडीतच कुजून अमोनिया वाढतो आणि जे मासे किड्यांनी कधीच मेले नसते ते औषधाने जातात. हे मी अनेकांच्या टाक्यांत पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं.

खरा प्लॅनेरिया वेगळा. तो चपटा असतो. तडफडत नाही, काचेवरून गोगलगायीसारखा सरकतो, एकसारखा आणि शांत. डोकं त्रिकोणी, बाणाच्या टोकासारखं, त्यावर दोन काळे ठिपके म्हणजे डोळे. रंग पांढरा, राखाडी किंवा तपकिरी, लांबी काही मिलिमीटरपासून दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत. टाकीत फक्त मोठे मासे असतील तर प्लॅनेरिया असूनही फारसं बिघडत नाही. पण चेरी श्रिंप पाळत असाल, किंवा माशांची अंडी आणि पिल्लं वाढवत असाल, तर तो शत्रू आहे. कात टाकून मऊ पडलेला श्रिंप, नुकतं जन्मलेलं पिल्लू, अंडी, असं सगळं तो खातो.

त्याला काचेवर चिरडू नका आणि ब्लेडने खरवडू नका. त्याच्या शरीराच्या तुकड्यांतून पूर्ण नवे जीव तयार होतात. प्रयोगशाळेत शतकाहून अधिक काळ तो याच गुणासाठी पाळला जातो. म्हणजे टाकीत एकाचे तीन तुकडे करणं म्हणजे तिघांची सोय करणं.

सापळा लावणं ही पहिली पायरी. झाकणाची छोटी पारदर्शक डबी किंवा औषधाची रिकामी, स्वच्छ धुतलेली प्लास्टिकची बाटली घ्या. झाकणाला दोन मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडा. भोक त्याहून मोठं झालं तर श्रिंपची पिल्लं आत शिरतात. आत कोळंबीचा किंवा कोंबडीच्या काळजाचा नखाएवढा कच्चा तुकडा घाला, डबी पाण्याने भरून खडीवर आडवी ठेवा. दिवे बंद झाल्यावर ठेवायची आणि सकाळी उजेड व्हायच्या आत काढायची, नाहीतर जेवण आटोपून पाहुणे निघून जातात. हे काही रात्री ओळीने केलं की संख्या खूप उतरते. सगळे संपत नाहीत, पण टाकीत श्रिंप नसतील तर एवढं पुरतं.

श्रिंप असतील आणि सापळ्याने भागत नसेल, तर फेनबेंडाझोल. हे जनावरांचं जंताचं औषध आहे आणि पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळतं. माशांना आणि श्रिंपना ते सहसा मानवतं. श्रिंप पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेलं प्रमाण लिटरला साधारण 0.6 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 150 मिलिग्रॅमची गोळी असेल तर 60 लिटर पाण्याला पाव गोळी. पाण्याचा हिशेब करताना खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करा. 60 लिटरच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी बहुतेक 48-50 लिटरच असतं. औषध पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून बारीक पूड करून कोमट पाण्याच्या बाटलीत जोरात हलवा आणि फिल्टरच्या प्रवाहासमोर ओता. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढून ठेवा. दोन दिवसांनी त्याच्या निम्मं औषध पुन्हा द्या. त्यानंतर मेलेले किडे सायफनने ओढून पाव टाकी पाणी बदला. त्यांच्या अंड्यांच्या कोषांतून नवे प्लॅनेरिया बाहेर येऊ शकतात, म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे रात्री टॉर्च मारत राहा.

एक गोष्ट मात्र औषध घालायच्या आधी: हौसेने आणलेल्या नेराइट किंवा अ‍ॅपल गोगलगायी टाकीत असतील तर त्यांना दुसरीकडे हलवा. फेनबेंडाझोल त्यांना मारतं, आणि ते खडीत इतका काळ टिकतं की नेराइट परत सोडायला कित्येक महिने थांबावं लागतं. तयारी नसेल तर सापळ्यावरच भागवा.

प्लॅनेरियावर सुपारीच्या झाडाच्या अर्काची तयार पावडरही मिळते. सुपारीतलं अरेकोलिन जंतांवर चालतं. पूर्वी कुत्र्यांच्या पट्टकृमींसाठी पशुवैद्य ते वापरत. यावरून कुणी घरची सुपारी कुटून टाकीत टाकायला सांगितलं तर ऐकू नका. कुठल्या सुपारीत किती अरेकोलिन आहे हे घरी मोजता येत नाही.

हायड्रा

बारावीच्या मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते तेव्हा हायड्राचं मला अजूनही अप्रूप वाटतं. पण पिल्लांच्या टाकीत तो नको. काचेला किंवा पानाला चिकटलेली बारीक दांडी आणि वर पसरलेले पाच-सहा धागे, रंग पांढरट, तपकिरी किंवा हिरवा. बोट किंवा काडी लावली की क्षणात आकसून टाचणीच्या डोक्याएवढा गोळा होतो. हीच त्याची पक्की खूण. धाग्यांवरच्या दंशपेशींनी तो शिकार लुळी पाडतो. मोठ्या माशाला त्याने काही होत नाही, पण गप्पीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू किंवा श्रिंपचं पिल्लू त्याच्या तावडीत सापडतं. यालाही तोडून उपयोग नाही. अब्राहम ट्रेम्ब्ले या निसर्गअभ्यासकाने 1740च्या दशकातच दाखवून दिलं होतं की कापलेल्या हायड्राच्या तुकड्यांतून पुरे हायड्रा उभे राहतात.

पिल्लांना आर्टेमिया (पिल्लांच्या खाण्यासाठी उबवतात ते बारीक जिवंत जीव) खाऊ घालता त्याच काळात हायड्रा फोफावतो, कारण तेच त्याचंही आवडतं अन्न. तेव्हा आर्टेमिया मोजूनच द्या. वर सांगितलेलं फेनबेंडाझोल याच्यावरही चालतं. पिल्लं नसलेल्या टाकीत थ्री-स्पॉट गुरामी माशांची जोडी सोडली तर ती हायड्रा टिपून खाते आणि औषधाची गरज पडत नाही.

गोगलगायी

आपोआप येणाऱ्या गोगलगायी मुख्यतः तीन. ब्लॅडर स्नेल: छोटी, पातळ कवचाची, टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड डावीकडे. रॅम्सहॉर्न: चपट्या चकलीसारखं कवच. आणि ट्रम्पेट स्नेल: लांबट, शंकूसारखी, दिवसा खडीत आणि रात्री काचेवर. पहिल्या दोघी पानांखाली जेलीसारखी पारदर्शक अंडी चिकटवतात. ट्रम्पेट पिल्लंच देते आणि तिला नर लागत नाही. एकटी आली तरी पुरे.

मला विचाराल तर या तिघींशीही भांडण उकरून काढायची गरज नाही. त्या मेलेली पानं, शेवाळ आणि उरलेलं खाणं खातात. ट्रम्पेट खडी खालीवर करते, त्यामुळे खाली वायू साचत नाही. ती भर दिवसा थव्याने काचेवर चढू लागली तर पाण्यातला प्राणवायू तपासा. ती आपल्याला काहीतरी सांगत असते. गोगलगायी किती होणार हे तुम्ही किती खाणं टाकता त्यावर ठरतं. खाणं आटोक्यात आलं की दीड-दोन महिन्यांत संख्या खाली येते.

तरीही कमी करायच्याच असतील तर रात्री काकडीची जाड चकती काट्या-चमच्यातल्या काट्याला टोचून तळाशी ठेवा. सकाळी चकती उचलली की त्यावर बसलेल्या सगळ्या एकदम बाहेर. असॅसिन स्नेल ही शिकारी गोगलगायही दुकानात मिळते. ती इतर गोगलगायी खाते आणि संथपणे वाढते. दुकानातलं गोगलगायी मारायचं औषध मात्र टाळा. त्यात बहुधा तांबं असतं आणि तांब्याने श्रिंप मरतात. शिवाय शे-दोनशे गोगलगायी एकाच रात्री मेल्या तर पाणी सडतं.

गोगलगायी खाणारा मासा म्हणून दुकानदार लोच किंवा पी-पफर पुढे करतो. क्लाऊन लोच फूटभर वाढतो, तो तीन फुटी टाकीत कोंबायचा मासा नव्हे. पी-पफर केरळच्या नद्यांतला, इवलासा पण दुसऱ्या माशांच्या शेपट्या कुरतडणारा. झेब्रा लोच तर आपल्याच सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातल्या ओढ्यानद्यांचा मासा, जगात दुसरीकडे नैसर्गिकरीत्या सापडत नाही आणि आज धोक्यात आहे. चार गोगलगायींसाठी नदीतून पकडलेला असा मासा विकत घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. काकडी स्वस्त आहे.

आणि विहिरीतल्या, तळ्यातल्या गोगलगायी हौसेने आणू नका. आपल्याकडच्या तळ्यांतल्या काही गोगलगायी गुरांच्या पर्णकृमींच्या, म्हणजे चपट्या परजीवी जंतांच्या, वाहक असतात आणि अशा जंतांच्या अळ्यांनी माणसाच्याही अंगाला खाज सुटते.

ज्यांच्यासाठी घाई करायची

टाकीतले श्रिंप रोज कमी होताहेत, मेलेला एकही दिसत नाही आणि मासे तर शांत स्वभावाचे आहेत, असं झालं तर चतुराची किंवा टाचणीची (चतुराच्याच जातकुळीतल्या बारीक अंगाच्या कीटकाची) अळी शोधा. उडणारे चतुर सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांचं बालपण पाण्यात जातं आणि तिथे ते पक्के शिकारी असतात. टाचणीची अळी काडीसारखी बारीक, शेपटीला पानासारखे तीन कल्ले. चतुराची अळी जाडसर, कोळ्यासारखी सहा पाय पसरून बसलेली. तिचा खालचा ओठ घडी करून तोंडाखाली ठेवलेला असतो. शिकार टप्प्यात आली की तो झटक्यात पुढे येतो आणि श्रिंप पकडून परत आत जातो. बशीत घेऊन चिमट्याने तो ओठ हलकेच उघडून पाहा, टोकाच्या आकड्यांसकट दिसतो.

टाचणी आपली अंडी झाडाच्या देठात टोचून ठेवते, त्यामुळे झाड धुऊन ती जात नाहीत. यावर औषध शोधू नका. टॉर्च, जाळी आणि चिकाटी. एक सापडली की झाडांच्या दाट भागात, फिल्टरच्या मागे दुसरी आहे असं धरून पुढचे काही आठवडे रोज रात्री पाहा. गच्चीवर कमळाचं टब असेल आणि तिथे चतुर स्वतः येऊन अंडी घालत असतील, तर त्या अळ्यांना तिथे राहू द्या. त्या डासांच्या अळ्या फस्त करतात. बाहेर पडायला एक उभी काडी मात्र रोवून ठेवा.

दुसरी घाई माशांच्या अंगावर बसणाऱ्यांची. गोल्डफिश आणि कोईवर हे जास्त दिसतात. आर्ग्युलस म्हणजे माशाची ऊ: गोल, चपटी, पारदर्शक, पाच-सात मिलिमीटरची, दोन काळे डोळे, अंगावरून सरकणारी. अँकर वर्म म्हणजे खवल्याखालून बाहेर लोंबणारा दोऱ्याचा तुकडा, मुळाशी लाल सूज. दोन्हींत मासा अंग खडीवर घासतो. ओल्या कापडात मासा धरून चिमट्याने हे काढता येतात. अँकर वर्म मुळापासून, तिरका न ओढता सरळ काढायचा. पण तेवढ्याने काम संपत नाही. आर्ग्युलसची अंडी काचेवर, दगडांवर चिकटलेली असतात आणि अँकर वर्मची पिल्लं पाण्यात पोहत असतात. म्हणून संपूर्ण टाकीवर डायफ्लुबेन्झुरॉन असलेलं माशांचं औषध लेबलवरच्या प्रमाणात वापरावं लागतं. ते कवचाच्या वाढीवरच घाव घालतं. तेव्हा श्रिंप असलेल्या टाकीत ते अजिबात नको. आजारी मासे वेगळ्या टाकीत हलवून तिथे द्या.

जळू दिसली की लोक किंचाळतात. झाडांबरोबर किंवा जिवंत ट्युबिफेक्सबरोबर (माशांना खायला घालतात ते बारीक किडे) येणाऱ्या जळवांतल्या बऱ्याच जणी माशांचं रक्त न पिता गोगलगायी आणि किडे खातात. तरी दोन्ही टोकांना चोषक दिसले आणि ती वितीवितीने चालत असेल तर काढून टाका. ट्युबिफेक्स घाण पाण्यातून गोळा होतात. ते सोडून गोठवलेले ब्लडवर्म द्या, पुष्कळ कटकटी मुळातच थांबतात.

नुसतं बघून सोडून द्यायचे

पाण्यात झटके देत पोहणारे पांढरे ठिपके, कधी मागे अंड्यांच्या दोन पिशव्या लटकलेल्या: सायक्लोप्स. नाव ऐकून जुन्या पिढीतल्या कुणाला नारू हा जंताचा रोग आठवेल, आणि ते बरोबरच आहे. नारूचे जंतू सायक्लोप्समार्फतच पाण्यातून पोटात जायचे, म्हणून पाणी फडक्याने गाळून प्यायला सांगत. जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर केला. तुमच्या टाकीतले सायक्लोप्स हे पिल्लांचं फुकटचं जेवण आहे. तिळासारखे गोल, खडीवर घरंगळणारे ऑस्ट्रॅकॉड, काचेवरचे टोपीसारखे बारीक लिंपेट, हेही निरुपद्रवी. पाण्यावर तरंगणाऱ्या डकवीडची बारीक पानं तेवढी जाळीने उपसत राहा.

येऊच नये म्हणून

यातलं जवळजवळ सगळं नव्या झाडांबरोबर येतं. आमच्याकडच्या दुकानांत बरीचशी झाडं कोलकात्याहून किंवा मुंबईच्या कुर्ल्याहून येतात, आणि ती कुठल्या तळ्यात वाढली हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, कपातली झाडं महाग पडतात, पण त्यात कीड नसते. श्रिंपच्या टाकीसाठी तीच घ्या. साधी झाडं आणली तर आधी वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळा, अंड्यांची जेली नखाने काढा. मग चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड विरघळवून त्यात दोन-तीन तास बुडवा. गोगलगायींवर याचा चांगला उपयोग होतो. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटंही चालतं. मॉस आणि नाजूक पानांना ते सोसत नाही. शेवटी स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा.

तरीही देठातली अंडी वाचतात. म्हणून झाडं थेट टाकीत न लावता खिडकीजवळच्या पांढऱ्या बादलीत तीन आठवडे ठेवा, एखाद्या छोट्या एअर पंपासकट. पांढऱ्या बादलीत काही फुटलं तर लगेच दिसतं. डास होऊ नयेत म्हणून वर जाळीचं कापड बांधा. जाळी, सायफन, चिमटा एका टाकीतून दुसरीत जाण्याआधी वाळवा. कडक ऊन मिळालं तर पूर्ण दिवस.

काढलेलं काहीही नाल्यात, ओढ्यात, नदीत टाकू नका. इंद्रायणी आणि पवना ज्या जलपर्णीने झाकल्या जातात ती दक्षिण अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणून जगभर गेली, आणि टाकीतले सकर मासे आज उजनीच्या जाळ्यांत सापडतात. गोगलगायी, झाडांचे तुकडे, डकवीड हे वर्तमानपत्रावर पसरून उन्हात खडखडीत वाळवा आणि ओल्या कचऱ्यात द्या. औषध न घातलेलं सायफनचं पाणी कुंड्यांना घाला, औषध घातलेलं बाथरूमच्या मोरीत ओता.